उतरलेला प्रबंध

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारा गाबीत बंधू पोटाला चिमटा घेऊन मुलाला कॉलेजात धाडतो. तोच मुलगा परक्याचा प्रबंध उतरून ‘डॉक्टर’ म्हणवू लागला, तर ही विद्या कसली?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे ६० टक्क्यांहून अधिक मजकूर चोरीचा ठरल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते. ठीक! पण प्रबंध निर्भेळ असल्याचा दाखला मार्गदर्शकानेच द्यायचा असतो. न वाचता सही ठोकणारा गुरू या चोरीत भागीदार नव्हे काय?

सरकारी खजिना रयतेच्या घामाने भरतो, हे जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनला बजावले. बांधवांनो, त्या घामाशी बेइमानी नको. ओबडधोबड का होईना, स्वतःचे लिहा!