क्लचचं तेल खाली गेलंय की वर आलंय, ते आधी बघा



आज पिकाचं नाही, मोटारसायकलच्या क्लचचं लिहितोय. पण दुखणं आपल्या ओळखीचंच आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

पुतण्या चाकण एमआयडीसीत कामाला जातो. त्याने मोठ्या इंजिनाची एक जुनी गाडी घेतली. आपल्या स्प्लेंडर-पल्सरला क्लचची केबल असते, चाकणला बनणाऱ्या छोट्या केटीएमलाही केबलच असते. याच्या गाडीला मात्र तेलावर चालणारा हायड्रॉलिक क्लच. गेल्या आठवड्यात दुसरी पाळी सुटल्यावर तळेगाव चौकात लिव्हर एकदम ढिली पडली आणि मुठीला जाऊन टेकली. क्लच दाबलेला, तरी गाडी पुढे ओढायला लागली. पुढे कंटेनर, मागे ट्रेलर. पोराने प्रसंगावधान राखून इंजिन बंद केलं, म्हणून निभावलं.

सकाळी गॅरेजवाल्याने लिव्हर दाबून बघितली आणि निकाल दिला, "प्लेटा गेल्या. पूर्ण सेट टाकावा लागेल. मजुरी धरून बारा हजार." पोरगं पैसे भरायला तयार! मी म्हटलं, थांब जरा. आधी तेलाच्या डबीत बघू.

हा क्लच चालतो कसा, ते आधी सांगतो. हँडलवर तेलाची छोटी डबी असते. लिव्हर दाबली की तिथला दट्ट्या तेल ढकलतो. ते तेल नळीतून खाली इंजिनापाशी जातं, तिथला दुसरा दट्ट्या दांडी ढकलतो आणि प्लेटा सुटतात. तेल दाबलं जात नाही, म्हणून जोर पुढे पोचतो. हवा मात्र दाबली जाते. नळीत हवा शिरली की आपला सगळा जोर ती हवा दाबण्यातच जातो. विहिरीवरच्या मोटारीने हवा धरली की ती फिरते पण पाणी ओढत नाही, तशीच गत.

आता मुद्द्याची गोष्ट. ब्रेकचे पॅड झिजले की डबीतलं तेल खाली जातं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. क्लचचं उलटं आहे. प्लेटा झिजल्या की खालचा दट्ट्या मागे सरकतो आणि डबीतलं तेल वर येतं. म्हणजे क्लचचं तेल खाली गेलं असेल, तर ते कुठून तरी गळतंय. त्याचा दोष प्लेटांवर टाकता येत नाही.

पुतण्याच्या डबीत तेल खालच्या खुणेच्याही खाली होतं, रंगही काळपट. चेनच्या पुढच्या चक्राजवळ खालचा सिलिंडर होता, त्याच्यावर चिखल आणि ग्रीसचा थर. पुसून बघितलं तर आत ओलं. चेनची घाण तिथेच उडते, तिने रबराचा सील खाल्ला होता. नवा सील टाकला, तेल बदललं, हवा काढली. सगळा खर्च अकराशे रुपये. प्लेटांना हातही लावला नाही.

घरी तपासायचं असेल तर एवढं करा:

- गाडी ओढते, गिअर अडतो, न्यूट्रल सापडत नाही? म्हणजे क्लच सुटत नाही. आधी तेल, हवा आणि सील बघा. वाकड्या प्लेटांनीही असं होतं, पण ते शेवटी तपासायचं.
- इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही? म्हणजे क्लच घसरतो. तेव्हा प्लेटांवर संशय घ्या.
- लिव्हर भराभर आठ-दहा वेळा दाबा. कडक झाली तर नळीत हवा आहे. दाबून धरल्यावर हळूहळू मुठीकडे सरकत गेली तर सील गेलाय.
- तेल टाकण्याआधी डबीचं झाकण वाचा. काही गाड्यांना डॉट 4 लागतं, काहींना मिनरल ऑइल. चुकीचं तेल टाकलं की सील फुगतो आणि नवीन दुखणं सुरू होतं. दोन्ही एकत्र तर कधीच करू नका.
- डॉट 4 हवेतला ओलावा ओढतं. फवारणीच्या औषधासारखी अर्धी बाटली पुढच्या वर्षाला ठेवायची नाही. तेल साधारण दोन वर्षांनी बदला. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग निघतो.

आता माझं मत, कुणाला कडू लागलं तरी चालेल.

पान पिवळं दिसलं की युरिया टाकायचा, मुळाशी उकरून बघायचं नाही, ही आपली जुनी खोड. कृषी सहायक कानीकपाळी ओरडून सांगतात, तरी जात नाही. गाडीलाही आपण तेच करतो. दुखणं ओळखायच्या आधी औषध विकत घेतो. गॅरेजवाला काही दरवेळी लबाड नसतो. त्यालाही नीट शिकवलेलं नसतं, मग तो अख्खा सेट बदलून मोकळा होतो.

मला वाईट याचं वाटतं की हे सगळं आपल्या उंबऱ्यावर बनतं. बजाजचा चाकणचा कारखाना 1999 पासून चालू आहे. इटलीच्या ब्रेम्बो कंपनीचे 'बायब्रे' ब्रेक चाकणलाच तयार होतात, त्यातही हाच दट्ट्या, हाच सील, हेच तेल. महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी या गावांच्या शिवारात कारखाने उभे राहिले. आपली पोरं लाइनवर आठ तास एकच नट आवळतात. पण तीच गाडी बिघडली की ती कुठे बिघडली, हे त्यांना सांगता येत नाही. नट आवळणं मशीन उद्या शिकेल. बिघाड ओळखणाऱ्या माणसाला मात्र गावातही काम आहे. पिकअपचा क्लच, ट्रॅक्टरचा ब्रेक, फवारणीचा पंप, सगळीकडे सील आणि नळ्याच आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं, की ग्रामपंचायतींनी कंपन्यांच्या सीएसआरमधून कमानी आणि बाकडी मागायची तशी मागा, पण सोबत गावात महिन्यातून एक दिवस दुरुस्तीचा वर्गही मागा. शिकवायला कंपनीचाच जाणता फिटर, शिकायला आपली पोरं आणि गावातले गॅरेजवाले. जमीन गेली ती गेली, निदान हुन्नर तरी घरात येऊ द्या.

तोवर एवढं करा. गाडीला केबल नसेल तर उद्या सकाळी डबीतलं तेल बघून ठेवा आणि पातळी लक्षात ठेवा. वर चढतंय की खाली उतरतंय, ते तेलच सांगेल.