टॉनिकची बाटली आणि क्षयरोग्याचे ताट

क्षयरोग्याच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी भरते, लोह आणि जस्तही उतरलेले असते. म्हणून या गोळ्या चालू केल्या की आजार लवकर हटतो, असे सर्रास सांगितले जाते. हे म्हणणे अगदीच निराधार नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयात क्षयरोग्यांना ड जीवनसत्त्व असलेले कॉड माशाच्या यकृताचे तेल पाजत. त्वचेच्या क्षयावर प्रकाशोपचार करणाऱ्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल मिळाले. ड जीवनसत्त्वाच्या बळावर आपल्या भक्षक पेशी क्षयजंतूला मारणारे प्रथिन तयार करतात, हेही २००६ मध्ये प्रयोगशाळेत दिसले.

हे सारे मान्य करूनही निष्कर्ष चुकतोच. कमी आकडा हे आजाराचे कारण, असे त्यात गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात दाह वाढला की शरीर स्वतःच रक्तातले लोह आणि जस्त आत ओढून घेते. लोह क्षयजंतूलाही हवे असते, त्यामुळे ही टंचाई काही अंशी बचावच असतो. ड जीवनसत्त्वाची तर रुग्णांवर पारख झाली आहे. गिनी-बिसाऊमधल्या चाचणीत (२००९) मृत्यू घटले नाहीत. भारतातल्या चाचणीत (२०१५) थुंकीतले जंतू लवकर गेले नाहीत. लंडनमध्ये (२०११) फायदा दिसला तो एका विशिष्ट जनुकप्रकाराच्या थोड्या रुग्णांपुरता. मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांच्या चाचणीत तीन वर्षे दर आठवड्याला मात्रा दिली. रक्तातले ड वाढले, क्षयाचा संसर्ग मात्र घटला नाही.

शिवाय या गोळ्या निरुपद्रवीही नाहीत. क्षयात रक्तातले कॅल्शियम आधीच वाढलेले असू शकते, त्यावर ड ची मोठी मात्रा घातक. क्षयावरच्या लिव्होफ्लॉक्सासिन या औषधासोबत लोह किंवा कॅल्शियमची गोळी घेतली, तर मूळ औषधच नीट अंगी लागत नाही.

मग पोषण गौण का? मुळीच नाही. झारखंडमधल्या ‘रेशन्स’ चाचणीने (२०२३) रुग्णांच्या घरच्यांना सहा महिने ते वर्षभर तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांची रोजची गरज भागवणारी गोळी दिली. त्यांच्यातले क्षयाचे नवे रुग्ण ३९ टक्क्यांनी घटले. सुरुवातीच्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन वाढले, त्यांच्यात मृत्यूही कमी झाले. ‘इथेही गोळी होतीच,’ असे कोणी म्हणेल. होती, पण भरल्या ताटासोबत, ताटाऐवजी नव्हे.

ड खरोखर कमी असेल तर हाडांसाठी ते भरून काढावे. आयसोनियाझिड या क्षयाच्या औषधासोबत डॉक्टरांनी दिलेली ब-६ ची गोळीही सोडू नये. पण ज्या घरात डाळ मोजून शिजते, तिथे महागड्या तपासण्या आणि टॉनिके लिहून देणे हा उपचार नव्हे. सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला आता महिना १,००० रुपये मिळतात. ते वेळेवर खात्यात पडतात का, हे डॉक्टरांनी विचारावे; आणि नातेवाइकांनी ते पैसे बाटलीवर न घालवता अंडी, डाळ आणि शेंगदाण्यांवर खर्च करावेत.