अंगणातली हिरवळ आणि गावचं गायरान

चैत्र सरत आला की आपल्या जिल्ह्यात दोनच गोष्टींची चर्चा चालते. एक पाण्याची, दुसरी चाऱ्याची. सरकारदरबारी जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं. पण नगरचा उन्हाळा जुन्या नावाचाच राहिला आहे. अकोल्याचा पश्चिमेकडचा डोंगराळ भाग सोडला तर बाकी जिल्हा पर्जन्यछायेत येतो. विहिरींनी तळ गाठला की माणूस आधी प्यायच्या पाण्यामागं लागतो, मग जनावरांच्या. अशा दिवसांत घरापुढच्या हिरवळीवर लिहायचं म्हणजे काही वाचकांना चेष्टा वाटेल. पण हा विषय चेष्टेचा नाही. गवत उन्हाळ्यात कसं जगतं, हे ज्याला कळलं त्याला अंगणही राखता येतं आणि गायरानही.

नगर-मनमाड रस्त्यानं जा, की नगर-पुणे रस्त्यानं. दर चार-दोन मैलांवर ‘मंगल कार्यालय व लॉन्स’ अशी पाटी दिसते. लग्नं आता मांडवात कमी आणि हिरवळीवर जास्त लागतात. डेअरीच्या, उसाच्या पैशानं गावोगाव बंगले उभे राहिले, त्यांच्याही पुढं गुंठाभर हिरवळ असते. कचेऱ्यांपुढं असते, पतसंस्थांपुढं असते. हौसेला आमचा विरोध नाही. पोराबाळांना बसायला-खेळायला थंडगार जागा असावी, धूळ कमी उडावी, ही गरज खेड्यातही आहेच. आमचं म्हणणं पाण्यापुरतं आहे.

मध्यंतरी एका तालुक्याच्या गावी एका कचेरीत जाणं झालं. दुपारचा एक वाजलेला. बाहेर हिरवळीवर तुषार फिरत होते आणि आत टँकरच्या मागणीचा अर्ज घेऊन चार बाया बाकावर बसल्या होत्या. माळ्याला विचारलं, तर म्हणाला, ‘‘साहेब, रोज पाणी नाही दिलं तर जळून जाईल.’’ त्याची चूक नाही, त्याला तसंच सांगितलेलं. पण त्या सांगण्यातच खोट आहे.

हिशेब एका गुंठ्याचा

गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. मीटरमध्ये धरली तर साधारण १०० चौरस मीटर जागा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. भर उन्हाळ्यात हिरवीगार ठेवलेली हिरवळ दिवसाला पाचएक मिलिमीटर पाणी सहज पिते. म्हणजे गुंठ्याला रोज ५०० लिटर झाले. जलजीवन मिशननं २०१९ मध्ये खेड्यातल्या माणसासाठी रोजचं ५५ लिटरांचं माप ठरवलं. त्या मापानं एका गुंठ्याची हिरवळ नऊ माणसांचं पाणी पिते. दुभत्या संकरित गाईला उन्हाळ्यात ६० ते ८० लिटर लागतात. तसं धरलं तर सहा-सात गाईंचं.

आता दुसरी बाजू बघा. हिरवळीत बहुतेक ठिकाणी लावलेली असते ती हराळीच. रोपवाटिकेत ‘सिलेक्शन वन’ म्हणून जी विकतात तीही हराळीच्याच जातीतली. ज्या हराळीपायी काळ्या रानात शेतकऱ्यानं जन्म घालवला, नांगरली, खणली, वेचून बांधावर वाळत टाकली, तरी जी पुढच्या पावसात पुन्हा हजर, ती हराळी चार दिवस पाण्यावाचून मरेल काय? उन्हाळ्यात ती वरून पिवळी पडते, पण जमिनीखालच्या कांड्यांत जीव धरून असते. ते तिचं झोपणं आहे, मरणं नव्हे.

म्हणून ज्याला हिरवळ फक्त जगवायची आहे त्यानं पंधरा दिवसांतून एकदा गुंठ्याला हजार-बाराशे लिटर पाणी दिलं तरी पुरतं. रोजचे ५०० धरले तर महिन्याला १५ हजार लिटर जातात. या पद्धतीनं दोन-अडीच हजारांत भागतं. बारा हजार लिटरांच्या वर पाणी वाचतं, म्हणजे एका गुंठ्यामागं महिन्याला एक टँकर. पंधरा-वीस गुंठ्यांचं लॉन असणाऱ्या कार्यालयाच्या मालकानं आपला आकडा आपणच काढावा.

थोडी हिरवी ठेवायचीच असेल, तर आठवड्यातून दोनदा, पहाटे, पाणी चार-सहा बोटं खोल जाईल असं द्यावं. खुरपं घालून ओल कुठवर गेली ते बघावं. रोज वरवर शिंपडलं की मुळ्या वरच राहतात आणि एका दिवसाच्या खाड्यानं माना टाकतात. दुपारचं पाणी निम्मं उडून जातं. संध्याकाळचं रात्रभर पातीवर राहतं आणि बुरशी धरते. कापणी उंच ठेवावी, दोन इंचांच्या खाली मशीन घालू नये. एका वेळेला पातीचा तिसरा हिस्सा कापावा, त्याहून जास्त नको. कापलेलं गवत तिथंच पसरू द्यावं, तेच आच्छादन. मे महिन्यात युरिया देऊन जोर आणायला जाऊ नये. कोवळी पात पाणी जास्त मागते. न्हाणीचं पाणी साबण-सोडा फार नसेल तर आलटून-पालटून चालतं. आणि जिथं अजून हिरवळ लावलेली नाही तिथं कोरियन वगैरे नाजूक जातींच्या नादी न लागता देशी हराळीच लावावी, ती लावणही पाऊस सुरू झाल्यावर करावी.

एक धोका मात्र अंगणाला आणि शेताला सारखाच आहे, तो हुमणीचा. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात. त्यांचीच अळी पुढं ऊस, भुईमूग आणि हिरवळ या सगळ्यांच्या मुळ्या खाते. त्या दोन-चार रात्री फांद्या हलवून भुंगेरे गोळा करावेत आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात बुडवावेत. एकट्यानं करून उपयोग नाही, शिवारानं मिळून केलं पाहिजे.

गावची हिरवळ कुठं गेली?

अंगणाचं झालं. पण प्रत्येक गावाची एक मोठी हिरवळ असते, जिला कुणी टँकर देत नाही. ती म्हणजे गायरान, कुरण, डोंगरउतार. तिला लागू पडणारे नियमही तेच आहेत आणि आपण ते सगळे मोडतो. अंगणातली हिरवळ दोन इंचांच्या खाली कापायची नाही हे माळ्याला ठाऊक असतं; गायरानातलं गवत मात्र गड्ड्यापर्यंत खरवडलं तरी कुणाला काही वाटत नाही.

गवताची पात म्हणजे त्याची चूल. तिथं अन्न शिजतं आणि मुळीत साठतं. वर जेवढी पात, तेवढी खाली मुळी. उन्हाळ्यात वाळलेलं गवत थोडं चरलं गेलं तर फारसं बिघडत नाही, कारण गवत त्या वेळी झोपलेलं असतं. खरा घात होतो तो पहिल्या पावसात. मुळीतली शिल्लक खर्चून गवत कोंब काढतं आणि भुकेली जनावरं त्या कोवळ्या कोंबावरच तुटून पडतात. असं दोन-तीन वर्षं झालं की मारवेल, पवन्या, डोंगरी ही चांगली गवतं संपतात. मागं उरते कुसळी, तरवड, टणटणी आणि उघडा मुरूम. म्हणून पाऊस लागल्यापासून सहा-आठ आठवडे गवताला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मं काम होतं.

हे पुस्तकातलं ज्ञान नाही, आपल्याच जिल्ह्यानं करून दाखवलेलं आहे. अण्णा हजारे १९७५ मध्ये राळेगणसिद्धीला परतले. पुढं तिथं पाणलोटाच्या कामांबरोबर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीही आली. हिवरे बाजारला पोपटराव पवारांच्या काळात डोंगरावर समतल चर खोदले गेले, चराई बंद झाली, गवत विळ्यानं कापून न्यायचं ठरलं. ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं हे गाव. गवत वाढलं, तसं दूध वाढलं, विहिरींचं पाणीही वाढलं. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती गावानं पाळलेल्या शिस्तीला मिळाली असंच आम्ही मानतो. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीनंही १९९६ नंतर पाणलोटाच्या कामात हाच रस्ता धरला. कर्जत तालुक्यात रेहेकुरीला १९८० मध्ये काळविटांसाठी अभयारण्य झालं. ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. माळाला राखण मिळाली की काय होतं, ते तिथं जाऊन बघता येतं.

गवत नुसता चारा देत नाही. हेक्टरभर रानावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. दहा हेक्टर गायरानावर २५ मिलिमीटरचा एक पाऊस पडला, तर २५ लाख लिटर पाणी येतं. उघड्या मुरमावरून ते माती घेऊन ओढ्याला जातं; गवत असेल तर त्यातलं बरंच जिरतं. गावात टँकर किती लागतील, याचं उत्तर थोडंफार गायरानातच असतं.

चराईबंदी कुणाच्या जिवावर?

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. चराईबंदीचा ठराव बागायतदाराला सोपा जातो. त्याच्या बांधावर घास आहे, ऊस आहे, मुरघास भरलेला आहे. पण ज्या बाईकडं चार शेळ्या आहेत आणि जमीन नाही, तिनं काय करायचं? पारनेर-संगमनेर भागातले मेंढपाळ दिवाळीनंतर कळप घेऊन खाली कोकणाकडं उतरतात आणि पावसाच्या तोंडाला माघारी येतात. नेमकं तेव्हाच रान बंद. त्यांना न विचारता केलेली बंदी टिकत नाही. रात्री चोरून चराई होते, भांडणं पोलिसांत जातात आणि दोन वर्षांत ठराव कागदावर राहतो.

म्हणून आमचं सांगणं असं की सगळं रान एकदम बंद करू नका. गायरानाचे तीन-चार वाटे पाडा. एक वाटा पुरता बंद, बाकीचे पावसाचे पहिले आठवडे सोडून पाळीनं खुले. दरसाल वाटा बदला. बंद वाट्यातलं गवत कापायचा पहिला हक्क भूमिहीनांना, शेळी-मेंढीवाल्यांना, एकल महिलांना द्या, नाममात्र पावती फाडून. आणि त्या सहा-आठ आठवड्यांची सोय आत्ताच करा. विहिरीजवळ, सांडपाण्यावर चार-दोन गुंठे फुले जयवंतसारखं नेपियर, थोडा कडबा राखून, जमल्यास मुरघास. ग्रामपंचायतीकडं पाणी असेल तर तिनंही असा एक तुकडा भूमिहीनांसाठी करावा. तहान लागल्यावर विहीर खणायची आपली सवय जुनी आहे. २०१२-१३ ला आणि पुन्हा २०१८-१९ ला जनावरं घेऊन छावणीत महिनोन्‌महिने बसलेली माणसं याच जिल्ह्यातली होती.

आता काय करायचं?

पावसाला अजून अवधी आहे. मे महिन्यात होण्यासारखी कामं पुष्कळ आहेत. पहिलं काम वणव्याचं. ‘जाळलं की गवत जोमानं येतं’ ही समजूत सोडून द्यावी. आगीत बी जळतं, पालापाचोळा जळतो आणि पहिल्या पावसात उघडी माती वाहते. डोंगराच्या पायथ्याला आणि रस्त्याच्या कडेनं जाळरेषा काढाव्यात, बिडी-काडीवाल्याला दटवावं. दुसरं, उतारावर समतल चर, श्रमदानातून किंवा रोजगार हमीतून. तिसरं, बियाणं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं मारवेलची फुले गोवर्धन, स्टायलोची फुले क्रांती अशा जाती दिल्या आहेत. मारवेलचे ठोंब आणि अंजन-स्टायलोचं बी यांची मागणी आत्ताच नोंदवावी. अंजनाचं बी फार हलकं, वाऱ्यानं उडतं. ओलसर मातीत कालवून फेकावं, हेक्टरी पाच-सहा किलो पुरतं.

चौथं काम कागदाचं. आपलं गायरान सात-बाऱ्यावर किती आणि जाग्यावर किती, हे ग्रामस्थांना ठाऊक पाहिजे. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २२ प्रमाणं गुरचरणासाठी जमीन राखून ठेवता येते. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये जगपालसिंग खटल्यात बजावलं. तरी कुठं घरं झाली, कुठं पिकं उभी राहिली, आणि सौर प्रकल्पांनाही जागा लागते ती गायरानाचीच. घर बांधून राहिलेल्या गरिबाचा प्रश्न वेगळा, त्याला पर्याय दिल्याशिवाय हात लावू नये. पण उरलेलं तरी मोजून, खुणा घालून ठेवता येईल. ज्यांना आपण अजून तलाठी आणि ग्रामसेवकच म्हणतो, त्या दोघांनी एक दिवस गावकऱ्यांबरोबर गायरान पायी फिरावं. खुर्चीत बसून हे काम होत नाही.

१ मेची ग्रामसभा जवळ आली आहे. झेंडावंदन, मागचं इतिवृत्त आणि चहा एवढ्यावर ती उरकू नये. गायरानाचे वाटे, पहिल्या पावसातली बंदी, गवत कापण्याचा हक्क आणि भुंगेरे वेचण्याची रात्र, या चार गोष्टींचा ठराव त्या दिवशी करावा. शेळ्या-मेंढ्यांवर ज्यांचं पोट आहे त्यांना पुढं बसवून करावा.

आणि ज्या कचेऱ्यांपुढं, कार्यालयांपुढं भर दुपारी तुषार फिरतात, त्यांनी निदान पाऊस पडेपर्यंत ते बंद ठेवावेत. हिरवळ पिवळी पडेल. पडू द्या. मृग बरसला की हराळी आपली आपण उठते.