योग : उत्सवाचा की नित्याचा?

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत उंच नंदीध्वज पेलणाऱ्यांचा तोल पाहून परगावचा माणूस थक्क होतो. सोलापूरकराला मात्र त्यामागचे रहस्य ठाऊक असते. हा तोल संक्रांतीच्या दिवशी एकाएकी येत नाही. त्यासाठी यात्रेपूर्वी कित्येक दिवस सराव चाललेला असतो. ज्या ग्रामदैवताची ही यात्रा, ते सिद्धरामेश्वर म्हणजे बाराव्या शतकातील शिवयोगी. शिवयोग्याच्या या नगरीने तरी योगाकडे एका दिवसाचा सोहळा म्हणून पाहू नये.

दुर्दैवाने घडते आहे ते नेमके तसेच. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून घोषित केला आणि २०१५ पासून तो जगभर साजरा होऊ लागला. ही गोष्ट प्रत्येक भारतीयाला अभिमानास्पद आहे, यात शंका नाही. त्या दिवशी मैदाने भरतात, सतरंज्या अपुऱ्या पडतात, छायाचित्रे निघतात. पण २२ जूनच्या पहाटे त्याच मैदानावर किती जण असतात? योगप्रसाराची खरी मोजदाद या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

दुसरा रोग घाईचा. दहा दिवसांत वजन घटविण्याची आश्वासने काय, सूर्यनमस्कारांच्या आकड्यांची चढाओढ काय, सारा भर वेगावर! पतंजलींची भूमिका याच्या अगदी उलट आहे. अभ्यास दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदरपूर्वक केला, तरच त्याची भूमी दृढ होते, असे ते योगसूत्रांच्या पहिल्याच पादात सांगतात. आसनाकडून त्यांची अपेक्षा स्थैर्याची आणि सुखाची आहे, ओढाताणीची नव्हे. प्राणाला रानटी श्वापदाप्रमाणे हळूहळू वश करावे, अन्यथा तो साधकाचाच घात करतो, असा इशारा हठयोगप्रदीपिकेनेही दिला आहे.

हे केवळ श्रद्धेचे बोल नव्हेत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्याची परंपरा सुरू केली. मंत्रजपाने श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ होते आणि रक्तदाब सावरणारी शरीराची स्वाभाविक यंत्रणा अधिक तत्पर होते, असे इटलीतील संशोधकांना आढळले. त्यांचा निबंध २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने प्रसिद्ध केला. अमेरिकेतील वैद्यांच्या 'अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स' या संस्थेने २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीवर औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत योगाचा समावेश केला. अर्थात, योग ही जादूची कांडी नव्हे. वैद्याच्या सल्ल्यावाचून रक्तदाबाची गोळी बंद करणारा उत्साही साधक योगाचीच अपकीर्ती करतो.

कंबरदुखीचा विषय निघाला की सोलापूरच्या पूर्व भागाकडे दृष्टी वळलीच पाहिजे. मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास विड्या वळणाऱ्या माताभगिनी आणि यंत्रमागाच्या खडखडाटात पाळी काढणारा कामगार, यांच्याहून योगाची अधिक निकड कोणाला आहे? पण योगवर्ग भरतात ते उद्यानात आणि सभागृहात. जिची मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने ठरते, तिने काम टाकून तेथे यावे कसे? 'वेळ नाही' हे तिच्या तोंडी सत्य असते. दूरचित्रवाणीपुढे संध्याकाळ घालविणाऱ्या सुखवस्तू कुटुंबांच्या तोंडी ती निव्वळ सबब असते.

म्हणून सबब सोडायची ती मध्यमवर्गाने आणि वाट चालायची ती कार्यकर्त्यांनी. घरातील लहानथोरांनी रोज पहाटे वीस मिनिटे एकत्र बसावे. मोजकी आसने, संथ श्वास आणि शेवटी शवासन, एवढे पुरेसे आहे. ज्याला शिकविता येते, त्याने पूर्व भागातील एक गल्ली निवडावी. तेथील भगिनींच्या सोयीची वेळ धरावी, तेलुगू येत नसेल तर दुभाषी सोबत घ्यावा आणि वर्षभर एकही आठवडा चुकवू नये.

मंडप, ध्वनिक्षेपक आणि पाहुणे यांच्यावाचून चालणारा असा एक वर्ग शंभर सोहळ्यांहून मोलाचा आहे. येत्या २१ जूनला मैदानावर जरूर जावे. परंतु पुढची तारीख विसरू नये. योगाची परीक्षा त्या दिवशी सुरू होते.