मोठे कासव पाळावे, पण कोणी?

सल्काटा हे आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरील सर्वांत मोठे भूचर कासव आहे. आकारात त्याच्या पुढे फक्त गालापागोस आणि अल्दाब्रा या बेटांवरची महाकाय कासवे आहेत. सेंट्रोकेलिस सल्काटा हे त्याचे शास्त्रीय नाव. सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला सेनेगल-मॉरिटानियापासून सुदान-इथिओपियापर्यंत पसरलेला साहेलचा रखरखीत पट्टा हा त्याचा मूळ मुलूख. अंड्यातून निघालेले पिल्लू जेमतेम दोन इंचांचे असते आणि तळहातावर मावते. पूर्ण वाढलेले कासव सहज ४० ते ५० किलो भरते, मोठा नर तर ८० किलोंच्याही पुढे जातो. अमेरिकेतील ॲरिझोना, कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा अशा उष्ण राज्यांत मोठे कासव पाळणे म्हणजे बहुधा सल्काटाच पाळणे.

या पाळण्याविषयी दोन टोकांची मते आहेत. विक्रेते आणि नवखे हौशी म्हणतात, हा सोपा, कमी खर्चाचा, निरुपद्रवी आणि जन्मभराचा सोबती आहे. प्राणिप्रेमींतील कडव्या गटाचे म्हणणे असे की, तो कोणीही, कोठेही, कधीही पाळू नये. तपासून पाहिले तर पहिले मत जवळजवळ संपूर्ण खोटे ठरते आणि दुसरे अर्धेच खरे.

पहिल्या मताचा पहिला आणि मुख्य दावा असा की कासव जेवढी जागा मिळेल तेवढेच वाढते, म्हणून काचेच्या पेटीत ठेवले तर लहानच राहते. याला शरीरशास्त्रात कसलाही आधार नाही. कासवाची वाढ आहार, ऊब, पाणी आणि आनुवंशिकता यांवर ठरते, पेटीच्या मापावर नाही. कोंडलेले कासव लहान राहिले तर ते कुपोषणाने खुरटलेले असते. पुरेसा सूर्यप्रकाश न मिळाल्याने त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, त्यामुळे कॅल्शियम हाडांत भरत नाही, कवच मऊ पडते आणि पाय वाकतात. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन येथे कामाचे नाही, कारण साधी काच नेमके उपयोगी अतिनील किरणच अडवते. नीट पोसलेले पिल्लू मात्र झपाट्याने वाढते आणि काही वर्षांतच एकट्या माणसाला उचलवेनासे होते.

दुसरा दावा पाण्याचा. हा वाळवंटाच्या कडेचा प्राणी, तेव्हा त्याला कोरडे ठेवावे आणि पाणी बेताचे द्यावे, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. या सल्ल्याचा परिणाम पाळीव सल्काटांच्या पाठीवर दिसतो. कवचावरचा प्रत्येक खवला सुळक्यासारखा वर येतो आणि पाठ गुळगुळीत घुमटाऐवजी खडबडीत होते. या विकृतीला पिरॅमिडिंग म्हणतात. तिचे खापर बराच काळ जास्त प्रथिनांवर फोडले जात होते. व्हिएन्ना येथील पशुवैद्यकीय विद्यापीठातील विझनर आणि इबेन यांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या ठिकाणी निर्णायक ठरतो. त्यांनी सल्काटाची ५० पिल्ले गट पाडून पाच महिने वाढवली. गटागटांत हवेतील आर्द्रता आणि आहारातील प्रथिने यांचे प्रमाण वेगवेगळे होते. कोरड्या हवेतील पिल्लांच्या कवचावर उंचवटे ठळक आले, दमट हवेतील पिल्लांच्या पाठी बऱ्याच अंशी गुळगुळीत राहिल्या आणि प्रथिनांचा प्रभाव किरकोळ आढळला. साहेलमध्येही हे कासव दिवसभर तापल्या वाळूवर पडून राहत नाही. खोल बीळ खणून ते कडक उन्हाळा त्यातच काढते, आणि बिळातली हवा बाहेरच्यापेक्षा गार व ओलसर असते. पाणी कमी पडलेल्या कासवाच्या मूत्राशयात युरेटचे खडे धरतात आणि ते काढण्यासाठी शस्त्रक्रियेची वेळ येते. म्हणून पिलांना रोज कोमट, उथळ पाण्यात बसवणे आणि मोठ्या कासवासाठी सहज चढता-उतरता येईल असे पसरट भांडे कायम भरलेले ठेवणे आवश्यक आहे. याचा अर्थ चिखलात ठेवावे असाही नव्हे. दमटपणाबरोबर ऊब असेल तरच तो हितकारक. ओल आणि गारवा एकत्र आले की श्वसनाचा संसर्ग होतो.

तिसरा दावा असा की कासव काहीही खाते. खाते हे खरे, पण सगळे पचवत नाही. सल्काटा हा गवत चरणारा प्राणी आहे. त्याच्या आतड्यातील जंतू तंतुमय चारा आंबवून पचवतात. केळी, कलिंगड, द्राक्षे यांतली साखर हे आंबवण्याचे तंत्र बिघडवते आणि हगवण लागते. कुत्र्या-मांजराच्या खाद्यातील प्रथिने मूत्रपिंडावर ताण आणतात. पालकासारख्या भाजीतील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. आहाराचा मोठा भाग गवत आणि सुका चाराच असला पाहिजे. अमेरिकेत यासाठी बर्म्युडा गवत सर्रास पेरतात. महाराष्ट्रात याच गवताला हरळी म्हणतात आणि गणपतीला ते दूर्वा म्हणून वाहतात. फड्या निवडुंगाची काटे काढलेली पाने, तुतीचा पाला, जास्वंदीची पाने-फुले ही चांगली जोड होते. कॅल्शियमसाठी समुद्रफेसाचा तुकडा आवारात टाकून ठेवला की कासव गरजेप्रमाणे कुरतडते. हा सगळा खुराक महाग नाही, पण तो उगवायला जमीन लागते.

चौथा दावा हिवाळ्याचा. काही जातींची कासवे थंडीत शीतनिद्रा घेतात, म्हणून सल्काटालाही थंडीत निजू द्यावे, असे समजले जाते. सल्काटा शीतनिद्रा घेणारे कासव नाही. ते उन्हाच्या तडाख्यात बिळात स्वस्थ पडते, पण गारठ्यात निजण्याची शरीरव्यवस्था त्याच्याजवळ नाही. गारठलेल्या कासवाचे पचन थांबते, खाल्लेले पोटात सडते आणि न्यूमोनिया होतो. त्यामुळे थंडीच्या रात्री त्याला साधारण २५ अंश सेल्सिअस ऊब टिकवणारे बंदिस्त खोपटे लागते, आणि दिवसा अंग शेकायला ३५ अंशांच्या आसपास तापलेली एक जागा. वीज गेली तर काय करायचे, याची सोय अगोदरच केलेली असावी लागते.

पाचवा दावा निरुपद्रवीपणाचा. सल्काटा चावायला धावत नाही, हे मान्य. पण नर वयात आला की दुसऱ्या नराला गळ्याखालच्या टोकदार भागाने धडका देऊन उलटा पाडतो. उलटलेले कासव उन्हात तसेच राहिले, तर तापून आणि स्वतःच्याच वजनाखाली फुप्फुसे दबून मरू शकते. म्हणून दोन नर एका आवारात ठेवता येत नाहीत. पलीकडचे दिसेल अशा जाळीच्या कुंपणाला कासव रेटत राहते, म्हणून कुंपण भरीव आणि जमिनीत खाली पुरलेले हवे. त्याने खणलेल्या बिळामुळे भिंतीचा पाया पोकळ होऊ शकतो. याशिवाय कासवांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू असतात आणि निरोगी दिसणाऱ्या कासवापासूनही लहान मुलांना आजार होतो. याच कारणाने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७५ साली चार इंचांपेक्षा कमी लांबीच्या कवचाची कासवे पाळण्यासाठी विकण्यावर बंदी घातली. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि त्याचे भांडे स्वयंपाकघरात न धुणे हा नियम त्यामुळे घरातल्या प्रत्येकाला लागू होतो.

सहावा दावा दीर्घायुष्याचा, आणि तो सर्वांत फसवा आहे. कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयात २००६ साली मरण पावलेले अद्वैत नावाचे अल्दाब्रा कासव रॉबर्ट क्लाइव्हच्या काळातले होते अशी आख्यायिका आहे. वय कितीही धरले तरी एवढे निश्चित की १८७५-७६ च्या सुमारास ते बराकपूरहून अलिपूरला आले आणि पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे तेथे राहिले. सेंट हेलेना बेटावरचे जोनाथन १८८२ साली सेशेल्सहून पूर्ण वाढलेल्या अवस्थेत आणले गेले आणि तेव्हापासून गव्हर्नरच्या निवासाच्या आवारात राहिले. म्हातारपणी दृष्टी आणि वास गेल्यावर तेथील पशुवैद्याने त्याला हाताने भरवायला सुरुवात केली आणि त्याची प्रकृती सुधारली. ही दोन्ही उदाहरणे कौतुकाने सांगितली जातात, पण त्यांत दडलेला मुद्दा बाजूला राहतो. ही कासवे संस्थांनी सांभाळली, एका माणसाने नव्हे. माणसे बदलली, आवार आणि जबाबदारी टिकली. सल्काटा एवढे जगत नसले, तरी नीट सांभाळल्यास ६०-७० वर्षे सहज काढते. चाळिशीत पिल्लू घेणारा त्याचे म्हातारपण पाहणार नाही. अशा प्राण्याचा वारस ठरलेला नसेल तर त्याचे दीर्घायुष्य ही पुढच्या पिढीवर टाकलेली थकबाकी आहे.

सातवा दावा असा की नकोसे झाले तर ते कोणाला तरी देता येते. मादी एका खेपेत १५ ते ३० अंडी घालते आणि एका हंगामात अनेक खेपा होतात. बंदिस्त अवस्थेत पिल्ले इतकी निपजतात की मोठ्या सल्काटांना घेणारे मिळत नाहीत. अमेरिकेतील आश्रयस्थाने भरलेली आहेत आणि प्राणिसंग्रहालये सहसा नकार देतात. रानात सोडणे हा तर गुन्हाच. पाळीव कासवांबरोबर जाणारे श्वसनाचे रोग रानटी कासवांत पसरतात, म्हणून ॲरिझोनात स्थानिक वाळवंटी कासवही एकदा पाळले की पुन्हा रानात सोडता येत नाही.

येथपर्यंत खंडन पहिल्या पक्षाचे. त्यावरून दुसऱ्या पक्षाचा सरसकट निषेध सिद्ध होत नाही. त्यांचा मुख्य आक्षेप असा की पाळण्याच्या हौसेपायी रानातली जात संपते. पूर्वी हे बऱ्याच अंशी खरे होते. पण रानातून पकडलेल्या सल्काटांच्या व्यापारी निर्यातीचा कोटा साइट्स या आंतरराष्ट्रीय करारानुसार २००० सालापासून शून्य आहे. त्याच वर्षी अमेरिकेने या कासवांच्या आयातीवर बंदी घातली, कारण त्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून गुरांना हार्टवॉटर हा घातक रोग होण्याचा धोका होता. म्हणजे आज अमेरिकेतील आवारांत फिरणारी सल्काटा कासवे जवळजवळ सगळी बंदिस्त अवस्थेतच जन्मलेली आहेत. त्यांना साहेलमध्ये परत नेणे हे उत्तर नव्हे. त्यांचा वंश मिसळलेला असतो आणि रोगांची खात्री देता येत नाही. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या नोफ्लाय येथील कासवग्रामात सल्काटांची जोपासना करून त्यांना फेर्लोच्या राखीव प्रदेशात सोडण्याचे काम झाले आहे, पण ते त्याच मुलखातील कासवांचे, देखरेखीखाली केलेले काम आहे. त्यामुळे परसातल्या पैदाशीने जात वाचते हा हौशी लोकांचा दावाही टिकत नाही, आणि पाळणेच बंद करा ही मागणीही निरुपयोगी ठरते. जन्मलेली, टाकून दिलेली, अजून पन्नास वर्षे जगणारी कासवे कोणी तरी सांभाळावीच लागणार.

आता मंडन. मोठे कासव पाळणे योग्य ठरते ते चार अटींवर. पहिली अट जमीन: भरपूर उन्हाचे, सावलीचे, गवताळ, भरीव कुंपणाचे आवार आणि त्यात उबदार खोपटे. फ्लॅटची गच्ची या अटीत बसत नाही. दुसरी अट वैद्य: सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठता येईल एवढ्या अंतरावर असावा. गुराढोरांना व कुत्र्यांना सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक कासवांना प्राणघातक ठरते, एवढे एक उदाहरण या अटीचे महत्त्व पटवायला पुरे. तिसरी अट वारस: पाळणाऱ्यानंतर कासव कोणाकडे जाईल हे लेखी ठरलेले असावे आणि त्या व्यक्तीची संमती असावी. चौथी अट मिळवण्याच्या मार्गाची: दुकानातून पिल्लू विकत न घेता आश्रयस्थानातले मोठे कासव दत्तक घ्यावे आणि त्याची पैदास करू नये. ॲरिझोनाच्या वन्यजीव विभागाने स्थानिक वाळवंटी कासवांसाठी हीच रीत ठेवली आहे. बंदिस्त कासव दत्तक मिळते, पण त्याची पैदास करायला मनाई आहे. सल्काटालाही हीच रीत लावली, तर नव्या पिलांची मागणी घटेल आणि जुन्यांना घर मिळेल.

भारतातील वाचकासाठी एक भेद महत्त्वाचा आहे. येथील तारा कासव वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, २०१९ पासून साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि ते घरात ठेवणे गुन्हा आहे. वास्तुदोष जावा, घरात लक्ष्मी यावी म्हणून जिवंत कासव आणणारे याच गुन्ह्यात सापडतात. सल्काटा परदेशी असल्याने त्याचा नियम वेगळा. साइट्सच्या यादीतील परदेशी प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची नोंदणी करावी, अशी तरतूद २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यात आली आणि २०२४ साली तिचे नियम निघाले. कागद पुरे झाले म्हणून जमीन, ऊब आणि वारस यांच्या अटी मात्र सुटत नाहीत.

तेव्हा निर्णय असा: ज्याच्याजवळ गवताचे आवार, जाणता पशुवैद्य आणि ठरलेला वारस आहे, त्याने टाकून दिलेले एखादे मोठे कासव अवश्य घरी आणावे. यांतले एक जरी नसेल त्याने दोन इंचांचे गोंडस पिल्लू विकत घेऊ नये.