मेकाकूला कुणी विचारलंच नाही

स्पायडरमॅनने सैतानाशी सौदा केला याचा मला राग नाही. गोष्टीतल्या माणसांनी असले सौदे करावेत, फसावं, रडावं. आपण वाचतो ते त्यासाठीच. राग याचा आहे, की सौदा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्यातलं काहीही आठवत नाही.

'वन मोअर डे' ही मार्व्हलची चार अंकांची गोष्ट 2007 च्या शेवटी आली. लेखक जे. मायकल स्ट्राझिन्स्की, चित्रकार जो केसाडा. केसाडा त्या वेळी मार्व्हलचे मुख्य संपादकही होते, म्हणजे गोष्ट कुणाच्या मनातली हे ओळखायला फार डोकं लागत नाही. डोंबिवलीत मी वाचनालय चालवतो. दिवाळी अंक आणि रहस्यकथांच्या पलीकडे कॉमिक्सचं एक कपाट आहे, त्यात हिचं एकत्रित पुस्तकही आहे. नेणारी मुलं ते लगेच परत आणतात आणि टेबलावर टाकताना तोंड वाकडं करतात. इंजिनीअरिंगच्या एका पोराने मला सरळच विचारलं, "काका, ह्यात स्पायडरमॅन कुठाय?"

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 2006 च्या 'सिव्हिल वॉर'मध्ये पीटर पार्करने, म्हणजे स्पायडरमॅनने, आयर्न मॅन टोनी स्टार्कच्या नादाने पत्रकारांसमोर मुखवटा काढला. नाव जगजाहीर झालं, आणि तुरुंगात बसलेल्या किंगपिन या गुंडांच्या म्होरक्याने सुपारी दिली. मारेकऱ्याने नेम धरला पीटरवर. तो वाचला आणि गोळी लागली आंट मेला. मे म्हणजे पीटरच्या काकाची बायको, आमच्या वाचनालयात सगळे तिला मेकाकूच म्हणतात. काकू कोमात. पीटर फरार, खिशात दमडी नाही, हॉस्पिटलचं बिल चढतंय. तो टोनीकडे जातो, भांडतो. टोनी म्हणतो, फरार माणसाला मी मदत करू शकत नाही. मग त्याचा बटलर जार्विस गुपचूप पैसे आणून देतो. हा भाग मला आवडतो. कोटाच्या बाह्या सावरत, कुणाच्या नजरेला नजर न देता पैसे देऊन जाणारा असा एखादा जार्विस आपल्याकडच्याही प्रत्येक आजारपणात असतो.

पीटर डॉक्टर स्ट्रेंज या जादूगाराकडे जातो. जादूच्या जोरावर जगभरच्या जाणकारांना एकाच वेळी विचारून येतो. सगळीकडून नकार. स्ट्रेंज त्याला सांगतो ते इतकंच, की तिच्याजवळ जाऊन बस. गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण मग येतो मेफिस्टो, म्हणजे सैतान. त्याला पीटरचा आत्मा नको असतो. त्याला हवं असतं पीटर आणि मेरी जेनचं लग्न. ते लग्न कधी झालंच नव्हतं असं होईल, कुणालाही आठवणार नाही, बदल्यात काकू जगेल. मुदत दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत. दोघं कबूल होतात. सकाळी पीटर काकूच्या घरात, आपल्या जुन्या खोलीत जागा होतो, मेलेला मित्र हॅरी ऑस्बोर्न जिवंत आहे, पार्टी चालू आहे, पेले उंचावले जातायत.

मला विचारावंसं वाटतं ते हे: मेकाकूचं काय? तिला कुणी विचारलं?

माझी आई शेवटच्या आजारात शुद्धीवर होती. बाहेर कॉरिडॉरमध्ये आम्ही भावंडं व्हेंटिलेटरवरून हमरीतुमरीवर आलो होतो. थोरला म्हणत होता, जमीन विकू पण आईला जाऊ द्यायचं नाही. सही कुणी करायची यावर गाडं अडलं. शेवटी धाकटी बहीण चपला काढून आत गेली आणि आईलाच विचारून आली. आईने सांगितलं होतं, मला घरी न्या. थोरल्याला ते आजही पटलेलं नाही. पण निर्णय आईचा होता, हे तोही नाकारत नाही.

मे बोलू शकत नव्हती हे खरं. पण तिचं उत्तर पंचेचाळीस वर्षांच्या अंकांत छापलेलं होतं. 1995 साली 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या 400 व्या अंकात जे. एम. डिमॅटिस यांनी तिला मरण दिलं होतं, आणि काय मरण होतं ते! एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या माथ्यावर उभी राहून म्हातारी पुतण्याला सांगते, तू स्पायडरमॅन आहेस हे मला कधीचंच ठाऊक आहे. मग घरी, आपल्या बिछान्यात, आपल्या माणसांत शांतपणे जाते. (पुढे मार्व्हलने ती मे नव्हतीच, तिची भूमिका वठवणारी नटी होती असं ठरवलं. अशा वेळी अंक मिटून चहा प्यावा.) ही बाई मरणाला भीत नव्हती, आणि पुतण्याचा संसार मोडून मिळालेलं आयुष्य तिने घेतलं नसतं. हे लहान मुलालाही कळतं.

सगळ्यात जास्त चुटपूट लावणारी गोष्ट वेगळीच आहे. मेकाकूचा सर्वांत सुंदर अंक याच स्ट्राझिन्स्कींनी लिहिलेला आहे. 2002 मधला तो अंक, चित्रं जॉन रोमिटा ज्युनिअर यांची. मारामारी नाही, खलनायक नाही. काकू आणि पुतण्या समोरासमोर बसून बोलतात, बस्स. पीटर कबूल करतो, बेनकाकाला मारणाऱ्या चोराला मी आधीच अडवू शकलो असतो, अडवलं नाही, म्हणून काका गेला. त्यावर काकू सांगते, त्या रात्री माझं आणि बेनचं भांडण झालं होतं, तो रागाने बाहेर पडला. इतकी वर्षं मीही स्वतःलाच दोष देत आले. दोघं एकाच घरात, एकाच अपराधाचं ओझं वेगवेगळं वाहत होते. तो अंक मी गिऱ्हाइकांना मुद्दाम वाचायला देतो. तो लिहिणारा माणूस पाचच वर्षांनी याच बाईला सौद्यातला माल करतो? त्यांनाही शेवट पटला नव्हता. शेवटच्या दोन अंकांवरून आपलं नाव काढायला निघालो होतो, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. पण नाव राहिलं.

1962 साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी पीटरला जन्म दिला तो एका चुकीतून. चूक केली, काका गेला, आणि ती चूक पोरगा आयुष्यभर फेडत राहिला. उशिरा पोहोचला, नोकरी गेली, प्रेयसी ग्वेन गेली, पण हिशेब त्याने कधी दुसऱ्याच्या नावावर टाकला नाही. 'वन मोअर डे'मध्ये किंमत मोजतानाही लेखकांनी आधीच तजवीज केली, की मोजणाऱ्याला ती जाणवू नये. आठवणच नाही तर दुःख कसलं? त्या रात्रीनंतर पीटर काकूच्या उशाशी बसून सगळं आठवत राहिला असता, तर मी हे पुस्तक दर्शनी फळीवर मांडलं असतं.

आणि हे सगळं कशासाठी? तर लग्न झालेला हिरो म्हातारा वाटतो म्हणून. केसाडा हे उघड बोलत असत. घटस्फोट दाखवला किंवा विधुर केला तर तो आणखी थोराड वाटेल, म्हणून जादू. 1987 साली हेच लग्न मार्व्हलने न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर वेशभूषा केलेल्या नटांना उभं करून, खुद्द स्टॅन ली यांना भटजी करून लावलं होतं. तेव्हा हिरो म्हातारा होत नव्हता, कारण अंक खपत होते. आमच्या पिढीचा इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ 1977 साली डायनाशी लग्न करून मोकळा झाला. पुढे जुळी झाली, किट आणि हेलोईज. कवटीच्या गुहेचा दरारा त्याने कमी झाल्याचं मला तरी कुणी सांगितलं नाही. इंद्रजालचे बाइंडिंग केलेले गठ्ठे मागणारे पासष्टीचे गृहस्थ आजही येतात, तेही बहुतेक बायकोची पिशवी हातात घेऊनच.

वर्तमानपत्रात रोज येणाऱ्या स्पायडरमॅनच्या पट्टीतही 2009 च्या सुरुवातीला पीटरला पुन्हा अविवाहित करून पाहिलं. ती पट्टी स्टॅन लींच्या नावाने निघत असे. काही महिन्यांतच ते सगळं स्वप्न होतं असं दाखवून मेरी जेनला घरी आणावं लागलं. मग 2024 मध्ये मार्व्हलनेच जोनाथन हिकमन यांच्याकडून 'अल्टिमेट स्पायडरमॅन' सुरू केला, वेगळ्या जगातला. त्यात पीटर पस्तिशीचा, दाढीवाला, मेरी जेन त्याची बायको, घरात दोन पोरं. बेनकाका जिवंत, मेकाकू गेलेली. पहिल्या अंकाच्या पुन्हा पुन्हा आवृत्त्या काढाव्या लागल्या. मुख्य मालिकेतला पीटर मात्र अजून सडाफटिंगच आहे, आणि आपलं लग्न झालं होतं हे त्याला अजूनही कुणी सांगितलेलं नाही.