वाचनालयात हत्यारांचे कपाट हवे



गावात वाचनालय असावे, हे आता सगळ्यांना पटले आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९६७ साली कायदा झाला. मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळते. माझे मत असे की, वाचनालयात पुस्तकांच्या कपाटाशेजारी हत्यारांचेही एक कपाट हवे.

हत्यारे म्हणजे तलवारी नव्हेत! सुतारकाका आपल्या करवतीला हत्यारच म्हणतात. हातोडी, पक्कड, पाने, कानस, गिरमिट आणि एक शिलाई मशीन. जवळ एक भक्कम टेबल. तिथे बसून कोणीही नवी वस्तू करावी, मोडलेली दुरुस्त करावी. शहरात अशा जागेला ‘मेकरस्पेस’ म्हणतात. आपण तिला ‘करून पाहण्याची खोली’ म्हणू.

पुस्तकातून अर्धी गोष्ट कळते. खिळ्याला तांब्याची तार गुंडाळून सेलला जोडली की खिळ्याचा चुंबक होतो, हे आपण पाठ करतो. पण तारेच्या टोकांवरचा लेप खरवडला नाही तर टाचणीसुद्धा हलत नाही. हे हाताने केले म्हणजेच डोक्यात बसते.

कोणी म्हणेल, मग हे शाळेतच करा की! पण शाळा संध्याकाळी बंद होते, आणि सातवीनंतर आम्ही ही शाळा सोडणार. वाचनालय मात्र लहानथोर सर्वांचे असते. पुस्तक एक घेतले तरी शंभर जण वाचतात. तसे गिरमिट एक घेतले तरी शंभर जण वापरतील. घरोघरी कशाला विकत घ्यायचे?

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मुलगा सायकलच्या दुकानात जाऊन बसतो, पंक्चर काढायला शिकतो. मुलगी तिथे जाऊन बसली तर लोक काय म्हणतील? वाचनालयात मात्र मुलगी गेली तर कोणी नाव ठेवत नाही. म्हणून पाना मुलींच्या हाती यायचा असेल, तर तो वाचनालयातच ठेवला पाहिजे. आणि मुलांनीही शिलाई मशीनवर बसावे. बटण काय फक्त आईनेच लावायचे?

“हातोडी मारायला का शाळेत घातलं तुला?” असे काही पालक विचारतील. त्यांना माझे नम्र उत्तर असे. महात्मा गांधींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत, शिक्षण हाताच्या उद्योगातून द्यावे, असा विचार मांडला. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुले काम करत करत शिकतात. २००२ साली अमेरिकेतील एमआयटी या नामांकित संस्थेच्या मदतीने तिथे ‘फॅब लॅब’ म्हणजे वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा निघाली. पाबळ काही मुंबई नव्हे, खेडेच आहे! वाचनालयातही हे जमते. अमेरिकेत फेयेटव्हिल नावाच्या छोट्या गावातील सार्वजनिक ग्रंथालयाने २०११ च्या सुमारास अशी जागा सुरू केली. ते ग्रंथालय फर्निचरच्या जुन्या कारखान्याच्या इमारतीत आहे.

अडचणी आहेत, पण त्यांवर उपाय आहेत. हत्यार हरवेल? पुस्तकासारखी वहीत नोंद करा, सही घ्या. ठोकाठोकीचा आवाज होईल? वाचनाची वेळ वेगळी, कामाची वेगळी ठेवा. इजा होईल? मोठे माणूस हजर असेल तरच कपाट उघडा, आणि मुलांनी घरच्या विजेला हात न लावता सेलवरच प्रयोग करावेत. शिकवणारे तर गावातच आहेत. सुतारकाका, गवंडीदादा, शिवणकाम करणाऱ्या मावशी यांनी आठवड्यातून एक तास दिला तरी पुष्कळ झाले. त्यांनाही गुरुजींइतकाच मान मिळेल.

पुस्तकांचे अनुदान पुस्तकांवरच खर्च व्हावे. हत्यारांसाठी लोकवर्गणी काढावी. घरात पडून असलेली पक्कड, जुना पाना दिला तरी सुरुवात होईल.

पालकहो, येत्या ग्रामसभेत हा विषय मांडाल ना? आम्हा मुलांना तिथे मत देता येत नाही. म्हणून ते इथे भिंतीवर लिहिले आहे.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी